घोटामागे एक शब्द

धाकट्याने पळी तिरकी केली आणि सूप धार लागून पातेल्यात पडलं. म्हणजे पुन्हा पातळ झालं. चमचा कलता केला की ते गोळा होऊन पडलं पाहिजे, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पातळ असलं तर बाबांच्या श्वासनलिकेत जाईल. उकडलेलं गाजर, बटाटा, फ्लॉवर मिक्सरमधून काढलं तेव्हा ते चांगलं दाट होतं. फार दाट वाटलं म्हणून यानेच घाबरून भाज्यांचं पाणी ओतलं, आणि ते अंगाशी आलं. त्याने आणखी एक बटाटा कुस्करून गाळणीतून काढला, साय घोटून घातली आणि ढवळत राहिला.

बाहेर अंधारलं होतं, खिडकीच्या काचा गारठल्या होत्या. रोज हे काम ताई करायची, पण आज तिला कामावर थांबवून घेतलं होतं. आणि उद्या सकाळी डॉक्टर ठरवणार होते: तोंडाने गिळणं जमत नसेल तर नाकातून नळी. आजारपणानंतर बाबा दोन-चार चमच्यांपुढे गेलेच नव्हते.

खरी पंचाईत सुपाची नव्हतीच. प्रत्येक घोटानंतर बाबांना काहीतरी बोलायला लावायचं होतं. आवाज साफ आला तर पुढचा चमचा, घशात घरघर ऐकू आली तर तिथेच थांबायचं. आणि बाबांचं शिवणकामाचं दुकान धाकट्याने त्यांना न विचारता बंद केल्यापासून बाप-लेकात अबोला होता. "त्याला सांग", "त्यांना विचार" असं सगळं ताईमार्फत चालायचं. ती स्वतःला घरातलं टपाल म्हणायची. आज टपालच बंद होतं.

त्याने उशा लावून बाबांना ताठ बसवलं आणि चमचा पुढे केला. बाबांनी गिळलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

"काहीतरी बोला."

बाबा भिंतीकडे बघत राहिले. आवाज अडलाय की हट्ट आहे, कळायला मार्ग नव्हता.

"बाबा, बोला. नाहीतर पुढचा देता येणार नाही मला."

"अळणी," बाबा म्हणाले.

आवाज स्वच्छ होता. स्वयंपाकाला नावं ठेवल्याचा एवढा आनंद धाकट्याला कधी झाला नव्हता. पुढच्या घोटाला 'गाजर' आलं, मग 'गरम', मग 'सावकाश'. मध्येच बाबांना ठसका लागला. त्यांच्या पाठीवर हात ठेवून तो थांबला. बाबांनी घसा साफ केला आणि आपण होऊन तोंड उघडलं.

त्या घोटानंतर त्यांनी मशिनी कुठे आहेत ते विचारलं. माळ्यावर, झाकून ठेवल्यात, विकल्या नाहीत, असं धाकट्याने सांगितलं. पुढच्या घोटाला प्रश्न आला, तेल घालतोस का. धाकट्याने मान डोलावली.

वाटीचा तळ दिसू लागला तसा तो चमचा अर्धाच भरू लागला, मग नुसता टोकापुरता. उभा जन्म कापड पुरवून वापरण्यात गेलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागला नाही.

"भरून दे," बाबा म्हणाले. "संपलं तर संपू दे. तू बस."