मधला रकाना

सत्त्याण्णव साली इंदापूरच्या एका खासगी दवाखान्यात कॉम्प्युटर आला. त्यातला प्रोग्राम बारामतीच्या संघपालनं लिहिला होता. केसपेपरचे गठ्ठे उपसायला नकोत, नाव टाकलं की रोग्याची सगळी कुंडली पडद्यावर. वर तीन रकाने: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिन्ही भरल्याशिवाय गाडी पुढं सरकत नव्हती. भलत्याच माणसाची माहिती निघू नये म्हणून त्यानं मुद्दाम तसं केलं होतं, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. जुने केसपेपर त्यात भरून झाले होते, आणि सुरुवातीचे दिवस म्हणून दवाखान्यात कॉम्प्युटरपुढं तोच बसायचा.

त्या दुपारी पळसदेवच्या ठमाबाईनं नवऱ्याला जीपमध्ये घालून आणलं. काटा मोडून पाय मांडीपर्यंत सुजलेला, अंगात फणफणून ताप, शुद्ध हरपलेली. जीपवाला परगावचा, उतरवून निघून गेला. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं तशी ठमाबाई आडवी आली.

"मागं हितंच एका सुईनं त्यांचा जीव जाता जाता ऱ्हायला. कुठली ते मला न्हाय ठावं. तुमच्याकडं लिवल्यालं हाय."

डॉक्टर थबकले. चुकीचं औषध गेलं तर खेळ खलास. "संघपाल, काढ लवकर!"

"मावशी, नाव सांगा त्यांचं."

ठमाबाईनं ओठ घट्ट मिटले. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली.

संघपालच्या डोक्यात तिडीक गेली. त्याची आई लक्ष्मीबाई नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारायची. रकाने आखताना असलं काही त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"अहो, माणूस जाईल!"

"म्हणूनच घेत न्हाय," ती रडत म्हणाली. "शिवाजी महाराजांच्या थोरल्या लेकाचं नाव. आडनाव काळे."

संभाजी काळे. बोटं खटाखट चालली. पण मधला रकाना? तिथं सासऱ्याचं नाव, आणि ते तर ती आडवळणानं सुचवायलाही तयार नव्हती. रकाना रिकामा सोडला की कॉम्प्युटर टूं करून अडायचा. पुन्हा पुन्हा अडला. आतून संभाजीची घरघर ऐकू येत होती. संघपालला स्वतःचाच संताप आला. हे कुलूप त्यानंच घातलं होतं.

प्रोग्राम बंद करून तो थेट मूळ नोंदींत घुसला. पळसदेवचे बरेच संभाजी काळे निघाले. तो मोठ्यानं वाचू लागला.

"संभाजी ज्ञानू काळे... संभाजी आबासाहेब काळे..."

ठमाबाई ढिम्म.

"संभाजी जोतीराम काळे..."

तिचा हात झटकन पदराकडं गेला. सासरा समोर येऊन उभा राहावा तसा तिनं पदर डोक्यावरून ओढला आणि मान खाली घातली.

"हेच ना, मावशी?"

मान हलली.

"पेनिसिलीन नको!" संघपाल ओरडला. डॉक्टरांनी हातातली भरलेली सुई ट्रेमध्ये टाकली आणि दुसरं औषध मागवलं.

दिवेलागणीला संभाजीनं डोळे उघडून पाणी मागितलं. ठमाबाई डोळे पुसत बाहेर आली.

"बघा, मी नाव घेतलं न्हाय म्हणून वाचले."

संघपालनं खुर्ची पुढं ओढली आणि मधल्या रकान्याची सक्ती काढायला घेतली.