हेटा अजून खाली आली नाही

"बर्फ पडणार आहे, थोरगिल्स. शुक्रवारी. अजून कसं सांगू तुला?"

फोनच्या पलीकडे थोरगिल्स सुका मासा चघळत होता. त्याची ती चपचप ऐकून स्टेइनुनचं डोकं आणखीच तापलं.

"माझ्या अंगणात अजून माशा घोंगावतायत," तो म्हणाला. "सप्टेंबर आत्ता कुठे लागलाय. रेडिओवाल्यांचं काय जातंय बोलायला?"

"दुपारी पुन्हा सांगितलं त्यांनी. उत्तरेचं वारं, डोंगरावर ओलं, जड बर्फ. शनिवारी मेंढ्या खाली आणायच्या त्या उद्याच आणू. एवढंच म्हणतेय मी."

"खाटीकखान्याची गाडी सोमवारी येणार माझ्याकडे. तोवर चारू काय त्यांना? आणि हेटा आली का खाली?"

"नाही आली."

"मग झालं तर." त्याने फोन ठेवून दिला.

झालं तर म्हणे. शेजारच्या गुडलॉगकडेही तेच. तिची मुलं-सुना राजधानीहून शनिवारी येणार, मटणाच्या सूपचं पातेलं ठरलेलं, पाहुण्यांना डोंगरावरून मेंढ्या उतरताना बघायच्या असतात, आता ऐन वेळी त्यांना काय सांगायचं? सिग्वाल्डीच्या भजनी मंडळींची, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्यांची, नेमकी उद्याच तालीम. एकेकाचं एकेक. आणि शेवटी सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच: हेटा आली का?

हेटा म्हणजे स्टेइनुनच्या वडिलांची, ओग्मुंदुरची, म्होरकी मेंढी. काळ्या डोक्याची, उंच पायांची, शहाणी. उन्हाळाभर सगळ्यांच्या मेंढ्यांबरोबर डोंगरावर मोकळी चरायची आणि हवा बिघडायच्या आधी आपली आपण उतरून ओग्मुंदुरच्या गोठ्याच्या दाराशी येऊन उभी राहायची, मागे निम्मा कळप घेऊन. तिची आईही तशीच होती, आजीही. त्यामुळे या दरीत वेधशाळा एकच, आणि ती चार पायांची. मेंढ्या उतरवायच्या कामाची म्होरकी गेल्या वर्षापासून स्टेइनुन. तिच्या हाताखाली सगळ्यांनी डोंगरावर जायचं, ती म्हणेल तसं पांगायचं, असा रिवाज. पण ऐकायचं कुणाचं, तर हेटाचं. त्यात गेल्या वर्षी स्टेइनुनने असाच धोशा लावला होता आणि लख्ख ऊन पडलं होतं. ते लोक अजून विसरले नव्हते.

ओग्मुंदुर स्वयंपाकघरात बसून दातांत साखरेचा खडा धरून कॉफी पीत होता. गुडघ्यांनी दगा दिला नसता तर अजूनही म्होरकेपण त्याच्याकडेच असतं.

"बाबा, तू एक फोन कर. तुझं ऐकतील ते."

"काय सांगू?"

"बर्फ येतंय म्हणून सांग."

"येणार असतं तर हेटा आली असती."

"तिचं वय झालंय, बाबा."

"माझंही झालंय. म्हणून मी काय दार विसरतो?"

स्टेइनुनने कपाळाला हात लावला. चाळीस वर्षं हा माणूस दरीतल्या सगळ्यांना सांगत आला, तू इकडून जा, तू तिकडून ये. त्याने एक शब्द टाकला असता तर थोरगिल्स मासा टाकून पळत आला असता. पण तो शब्द काही तोंडातून निघेना. बुधवार असा काथ्याकूट करण्यात गेला. गुरुवारी सकाळी तिने घोड्यावर खोगीर चढवलं, कुत्र्याला शीळ घातली.

"एकटी जाऊ नकोस," म्हातारा दारातून म्हणाला.

"मग कुणाला नेऊ? तुझ्या मेंढीला?"

हवा उबदार होती. ब्लूबेरीची पानं लाल झाली होती आणि आभाळ इतकं निरभ्र, की तिला स्वतःचाच राग आला. आता पुन्हा ऊन पडलं तर या लोकांना वर्षभर चघळायला विषय मिळणार. पण उत्तरेकडे, समुद्राच्या अंगाला, आभाळाची कड करडी झाली होती. तिने घोड्याला टाच मारली.

पायथ्याचं कुंपण दिसलं तेव्हा तिला आधी कळेचना, की त्याच्यामागे हे काय उभं आहे.

मेंढ्या. खूप. तारेला खेटून, एकमेकींना खेटून. आणि सगळ्यांत पुढे काळ्या डोक्याची हेटा. तारेच्या कडेकडेने, पार ओढ्यापासून कड्यापर्यंत, तुडवून तुडवून चिखलाची वाट झाली होती. काट्यांना जागोजागी काळी लोकर अडकली होती. एका दिवसाची वाट नव्हती ती.

हे कुंपण जुलैत घातलं होतं. मेंढ्या रस्त्यावर येतात, थोरगिल्सच्या गवतात शिरतात, म्हणून सगळ्यांनी हात वर करून ठरवलं होतं. ओग्मुंदुरनेही. ओढ्याकाठचे खांब तर स्टेइनुनने स्वतः ठोकले होते. आणि नंतर घरोघरी कॉफी पीत सगळे विचारत बसले होते, हेटा का येत नाही.

तिने थोरगिल्सला फोन लावला.

"हेटा आलीये," ती म्हणाली.

"कुठाय?"

"कुंपणापलीकडे. कधीची उभी आहे ते तिलाच ठाऊक."

पलीकडची चपचप थांबली.

"निघालोच," तो म्हणाला.

सगळे आले. गुडलॉगसुद्धा आली, पाठोपाठ तालीम सोडून भजनी मंडळी. पण तोवर वारा फिरला होता. स्टेइनुनने कुंपणाचं फाटक उघडलं, हेटा कुणाकडे न बघता सरळ खाली चालू लागली, आणि तो कळप तिच्यामागे गेला. वरच्या पठारावर दुसऱ्या निम्म्या मेंढ्या होत्या. त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत धुकं उतरलं, मग गारा, मग बर्फ. स्टेइनुनने सगळ्यांना परत फिरवलं. कुणी वाद घातला नाही. ते तिला जास्तच झोंबलं. बुधवारी कुठे गेला होता हा शहाणपणा?

शुक्रवारी दिवसभर दार उघडता आलं नाही. ओग्मुंदुर घराला लागूनच असलेल्या गोठ्यात हेटाच्या शेजारी बसून राहिला. जेवायला बोलावलं तर म्हणाला, भूक नाही.

शनिवारी आभाळ उघडलं. मेंढ्या उतरवायच्या दिवशी सगळी दरी फावडी आणि लांब काठ्या घेऊन पठारावर जमली. राजधानीचे पाहुणेसुद्धा आले होते, शहरी बुटांत, एकमेकांचे हात धरून. सगळीकडे पांढरं सपाट. मेंढ्या कुठे दबल्यात त्याचा पत्ता नाही.

स्टेइनुनने मनात बोलणी तयार ठेवली होती. थोरगिल्ससाठी वेगळी, सिग्वाल्डीसाठी वेगळी. बाबासाठीची सगळ्यांत कडक. दोन दिवस ती तीच घोळवत होती.

ओग्मुंदुर चढण चढून आला. कुणी आणलं त्याला, देव जाणे. धाप लागली होती. हातातली काठी बर्फात रोवून तो तिच्यासमोर उभा राहिला. बाकीचेही उभे होते, त्याच्याकडे बघत. सवयच ती.

"सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"कुठून सुरू करायचं. तू सांगशील तिथून करतो."

तिने काठीने उताराकडे दाखवलं. घोळवलेली बोलणी तशीच राहिली.

"त्या उताराखाली," ती म्हणाली. "वाऱ्याला पाठ करून तिथेच बसल्या असतील."

तो गेला. काठी खुपसत, काढत, पुन्हा खुपसत. एका जागी थांबला.

"इथे लोकर लागतेय."

सगळे धावले, खणू लागले. वर काढली ती थोरगिल्सची मेंढी होती, कडक झालेली. थोरगिल्सने तोंड फिरवलं. ओग्मुंदुरने खाली वाकून तिच्या डोळ्यांवरचं बर्फ अंगठ्याने पुसलं, तिला ओढून बाजूला ठेवलं, काठी उचलली आणि पुन्हा मुलीकडे पाहिलं.

तिने पुढची जागा दाखवली.