चंद्रीची खुरकूत

हर्षलाचा मुलगा दीड महिना आधीच जगात आला आणि आल्या आल्या पनवेलच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत जाऊन झोपला. हर्षलाला घरी सोडलं, त्याला नाही. त्याच्या अंगात अजून दूध ओढण्याचं बळ नव्हतं. नाकातल्या बारीक नळीतून त्याला थेंब थेंब दूध द्यायचे. ते दूध हर्षलाने भिसेगावात सासरी बसून भाड्याच्या पंपाने काढायचं आणि तिच्या नवऱ्याने, देवेशने, बर्फाच्या डब्यात ठेवून मोटारसायकलवरून पोचवायचं, असं ठरलं होतं.

निघताना दवाखान्यातल्या प्राची सिस्टरने हर्षलाला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. गोष्ट अगदी साधी आहे. विहीर उपसली की झरे मोकळे होतात, नुसती भरून ठेवली की तेही सुस्तावतात. दुधाचं तसंच. जितकं बाहेर काढाल तितकं आत तयार होतं. बाळ जवळ नाही, म्हणून त्याचं काम पंपाने करायचं. दर दोन-तीन तासांनी, झोप मोडूनसुद्धा. आधी गरम फडक्याने शेकायचं, हलक्या हाताने चोळायचं, बाळाचं टोपडं नाकाशी धरायचं आणि मन शांत ठेवायचं.

टोपडं होतं, फडकंही होतं. शांतता तेवढी नव्हती, कारण अख्खं भिसेगाव भेटायला येत होतं.

बाळंतिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आपली रीत. आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हीसुद्धा आपलीच रीत. कुणी मेथीचे लाडू आणले, कुणी डिंकाचे, कुणी बाळंतशेपा. सासूबाई सुनंदा एकीचा डबा दुसरीच्या लाडवांनी भरून परत पाठवत. असे ते लाडू गावभर फिरले. शेजारच्या वनिताने एक दिवस हौसेने डबा उघडून मोतीआत्याच्या हातावर हळिवाचा लाडू ठेवला. आत्याने तो फोडला, वास घेतला आणि म्हणाली, हा तर माझाच.

मोतीआत्या म्हणजे हर्षलाचे सासरे रोहिदास यांची धाकटी बहीण. ती कशेळ्याहून जीपने आली होती, ती राहायलाच. बाळंतिणीने समोर बसून खाल्लं नाही तर दूध उतरत नाही, असं तिचं ठाम मत होतं. त्यामुळे हर्षला सकाळपासून खात होती. एकीसमोरचा लाडू संपेतो दुसरी दारात चपला काढत असे. पंप लावायची वेळ यायची आणि जायची. बरं, पंप कुणाला दिसू द्यायचा नाही, दृष्ट लागते. एकदा तो लावायला घेतला आणि बायका आत आल्या. हर्षलाने तो चालूच गोधडीखाली सारला. तो तिथे घुर्र घुर्र करत राहिला. आत्या बराच वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, "फोन घे गं पोरी, मघाधरनं कुणीतरी लावतंय."

हसायला ठीक होतं. पण बाटलीतलं दूध रोज खाली खाली येत होतं. त्या दिवशी तर जेमतेम तळ झाकला गेला. देवेश पनवेलहून परतला. त्याने आईला सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, उद्याही एवढंच आलं तर दुसरं, पावडरचं दूध सुरू करावं लागेल. तेही देतात, त्यावरही पोरं वाढतात. पण इतक्या कोवळ्या पोटाला आईचं जसं सोसतं तसं दुसरं सोसत नाही. हर्षलाने भिंतीकडे तोंड केलं. आत्याने तिच्यापुढे आणखी एक लाडू ठेवला.

येणाऱ्यांना येऊ नका म्हणणं सुनंदाच्या जिभेला जमणारं नव्हतं. जन्मभर तिने याच बायकांच्या घरी जाऊन लाडू दिले होते. आणि रोहिदासांचं तर विचारूच नका. घरात हा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जात. सासऱ्याने सुनेच्या दुधाबद्दल बोलायचं म्हणजे काय. त्या संध्याकाळीही ते गोठ्यातच होते, चंद्री म्हशीपाशी. गोठा हर्षलाच्या खोलीच्या पाठीमागे, मध्ये एक खिडकी.

जनावर पाळणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. अनोळखी माणसं भोवती उभी राहिली की म्हैस पान्हा चोरते. सडात दूध असतं, पण ती सोडत नाही. रोहिदासांनी बादली खाली ठेवली आणि लेकी बोले सुने लागे तसं म्हशीला जरा मोठ्यानेच सांगायला सुरुवात केली.

"चंद्रे, तुजा दोष नाय हाय गं. तुज्या भवती एवढी जत्रा भरली तर तू तरी काय करशील?"

चंद्री रवंथ करत राहिली. खिडकीत काहीच हललं नाही. रोहिदासांना वाटलं, आवाज कमी पडला. ते पुन्हा बोलणार, तोच आतून हर्षलाचा आवाज आला. तिने सासऱ्यांना नव्हे, म्हशीलाच उत्तर दिलं.

"चंद्रे, त्यांना सांग, जत्रा हलवायची कशी? आत्यांना मी कसं सांगू?"

रोहिदासांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "चंद्रे, तू घोर करू नको. सकाळपतूर बघतो मी."

सकाळी घराच्या फाटकाला कडुलिंबाची डहाळी लटकत होती आणि फाटकाबाहेर चुन्याची पांढरी पट्टी ओढलेली होती. रोहिदास फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते. पहिली आली ती वनिता. त्यांनी तिला पट्टीच्या पलीकडेच थांबवून सांगितलं, की चंद्रीला खुरकुतीचा संशय आहे. खुरकूत म्हणजे गुरांच्या तोंडाला आणि खुरांना होणारा आजार. माणसाच्या पायाला लागून या गोठ्यातून त्या गोठ्यात जातो. वनिताच्या दारात दोन म्हशी होत्या. ती डब्यासकट माघारी वळली आणि दुपारच्या आत सगळ्या आळीला खबर झाली. बाळंतिणीला एकांत हवा म्हटल्यावर जे थांबले नसते, ते म्हशीसाठी एका दिवसात थांबले.

मोतीआत्या घरातच होती. कशेळ्याला तिच्या तीन दुभत्या म्हशी. तिने न्हाणीत पाय घासून घासून धुतले, चपला पिशवीत गुंडाळल्या आणि अनवाणी जीपच्या थांब्यावर गेली. जाताना भावाला म्हणाली, "दादा, आदी नाय सांगायचं? मी काल गोठ्यात जाऊन आले रं."

मग घर शांत झालं. सुनंदा फडकं गरम करून द्यायची आणि दार ओढून घ्यायची. हर्षला टोपडं नाकाशी धरून बसायची, पंप घुर्र घुर्र करायचा, आणि आता त्याला कुणी फोन म्हणत नव्हतं. पहिल्या दिवशी फरक दिसला नाही. हर्षला रडकुंडीला आली. पण झरे एका दिवसात मोकळे होत नसतात. सिस्टरनेही धीर दिला आणि आणखी वाट बघायचं कबूल केलं. देवेश तिला रिक्षाने पनवेलला नेऊ लागला. तिथे सिस्टर बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवायची, वरून चादर. पहिल्या खेपेहून परतल्यावर बाटली निम्मी भरली. पुढे पाऊण.

आणि मग फाटकाशी जनावरांचे डॉक्टर येऊन उभे राहिले. भावाच्या काळजीने मोतीआत्यानेच त्यांना कळवलं होतं.

डॉक्टरांनी चंद्रीचं तोंड उघडून पाहिलं, एकेक खूर उचलून पाहिला. चंद्रीने तेवढ्यात त्यांच्या पिशवीचा पट्टा चघळायला घेतला. डॉक्टरांनी विचारलं, "काका, हिला नेमकं काय झालंय?"

रोहिदासांनी चंद्रीच्या तोंडातून पट्टा सोडवला. खिडकी उघडी होती, आत सून होती, दारात बायको होती. शेवटी त्यांनी जन्मात न बोललेलं वाक्य बोललं.

"म्हशीला कायपण नाय, डॉक्टर. आमच्या सुनेला दूध कमी येत हुतं."

घुर्र घुर्र आवाज एकदम थांबला. डॉक्टरांना हसू आवरेना. ते म्हणाले, नसलेला रोग आहे असं मी सांगणार नाही. पण चंद्रीची लस राहिलीच आहे, ती देतो. लसीने थोडी कणकण येते, तेव्हा चार दिवस गर्दी नको, हे मात्र मी स्वतः आळीत सांगतो. त्यात खोटं काही नाही.

लसीने चंद्रीचं दूध खरंच चार दिवस आटलं. घरात सगळे कोरा चहा प्यायले आणि कुणी तक्रार केली नाही, कारण फ्रिजमधली बाटली गळ्यापर्यंत भरत होती. देवेशने निरोप आणला, की दुसरं दूध लागणार नाही, पोराने वजन धरलंय.

संध्याकाळी मोतीआत्याचा फोन आला. चंद्रीचं दूध आटल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. जिवाला लागलं होतं तिच्या. "दादा, तिला हळिवाचे लाडू पाठवू का?"

रोहिदासांनी खिडकीकडे पाहिलं. आत पुन्हा घुर्र घुर्र चालू होतं.

"पाठव," ते म्हणाले. "पर जीपवाल्याच्या हातानं पाठव. तू येऊ नको."