डाव्या बुटाची रेघ

रिस्तिनला संशय आला तो काठीच्या खुणांवरून. शाळेच्या वाटेवर तिच्या बुटांच्या ठशांना अगदी चिकटून बर्फात गोल गोल भोकं! म्हणजे कुणीतरी मागावर होतं. आणि अख्ख्या वस्तीत काठी टेकत चालणारं माणूस एकच, सुन्नाआत्या.

आत्या माग काढण्यात पटाईत. कळपातलं कुठलं रेनडिअर दमलंय, कुठलं लंगडतंय, नुसता बर्फ बघून सांगायची. पण भाचीचे माग कशाला?

रिस्तिनने ताडलंच. ईस्टरची शर्यत तोंडावर आली होती. धावत्या रेनडिअरची दोरी धरून मागे स्कीवर घसरत जायचं, आणि यंदा बाबांनी पहिल्यांदाच हो म्हटलं होतं. तान्ही असताना जिचा निखळलेला डावा खुबा ऑपरेशन करून बसवला, त्या मुलीला! आत्याला ते बघवत नसणार. तिचंही लहानपणी तेच ऑपरेशन झालेलं, पण आता तिच्या खुब्यात धातूचा सांधा होता.

रिस्तिन काय कमी होती? ती शाळेत स्कीवरून जायला लागली. मागे फक्त दोन सरळ रेघा. काढ म्हणावं आता माग!

एका दुपारी आत्या कुंपणापाशी उभीच.

"काय गं, पाय उचलायचा कंटाळा आला?"

"पाळत ठेवतेस ना माझ्यावर? बाबांचे कान भरून शर्यत बंद पाडायचीय तुला!"

"पाडायची असती तर केव्हाच बोलले असते. सकाळी तुझे ठसे स्वच्छ असतात. परतताना डावा बूट रेघ ओढतो."

"खोटं! डॉक्टर म्हणालेत, सांधा छान बसलाय."

"केव्हा म्हणाले? तू एवढीशी होतीस तेव्हा. मलाही तेच म्हणाले होते. तुझ्या वयात पुन्हा दुखायला लागलं. कळपाबरोबर नेणार नाहीत म्हणून मी तोंड शिवून बसले. आत सांधा झिजत गेला." आत्याने काठी बर्फात खुपसली. "वेळेवर दाखवलं असतं, तर ही बया इतक्या लवकर गळ्यात पडली नसती कदाचित."

"आणि डॉक्टरांनी शर्यतीला नाही म्हटलं तर?"

"तर माझ्याशी भांड. मी रिकामीच असते."

रिस्तिनने हसू दाबलं. रोज दुपारी जांघेत उठणारी कळ तिने कुणालाच सांगितली नव्हती. पण आत्या खोटंही बोलत असेल! एकदा बघायलाच हवं. तिने स्की काढून खांद्यावर टाकल्या आणि ताठ मानेने घरापर्यंत चालत गेली.

दारात वळून पाहिलं. डाव्या ठशांमागे रेघ होती. बारीक, पण होती.

"बाबा," तिने आत हाक मारली, "शर्यतीच्या आधी मला डॉक्टरांकडे घेऊन चला."