चौदा सेकंद

वृत्तवाहिनीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाशी असलेल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून ती गेली एकोणीस वर्षं चित्रफिती कापत होती, आणि तिचा हात इतका सफाईदार होता की सगळे तिला कात्रीताईच म्हणत. खरं नाव ओळखपत्रापुरतं उरलं होतं. सीमेवरच्या शहराला वेढा पडल्यापासून तिच्याकडे रोज दोन ठिकाणांहून चित्रण येऊ लागलं. एक वाहिनीच्या बातमीदाराचं. तो हॉटेलच्या गच्चीवर हेल्मेट घालून उभा राही, त्याच्या पाठीमागे लांबवर धूर दिसे, आणि लष्कराच्या प्रवक्त्याने सकाळी दिलेले आकडे तो गंभीर आवाजात सांगे. दुसरं चित्रण येई एका शिंपीणबाईंकडून. साठीच्या त्या बाई रोज दुपारी आपला फोन शिलाई मशीनच्या कडेला टेकवून ठेवत आणि खिडकीतून दिसेल ते, पाच-सहा मिनिटं, सावकाश सांगत राहत. समोरच्या इमारतीत कोण राहतं, कुणाच्या घरी पाणी चढत नाही, काल कोण गेलं आणि जाताना त्याच्या अंगावर कोणता सदरा होता, हे त्या एखादं माप सांगावं तसं नेमकं सांगत. त्यांच्यामागे त्यांची सून पाय पसरून बसलेली असे; तिला आठवा महिना होता.

"चौदा सेकंद," संपादक दररोज म्हणत. "धूर ठेवा, बाईंचा आवाज काढा, आपल्या माणसाचा आवाज वर घाला. आणि खाली पट्टी टाका, की या दृश्यांची स्वतंत्रपणे खातरजमा झालेली नाही."

संपादक वाईट माणूस नव्हते. उमेदीच्या काळात त्यांनी स्वतः दोन युद्धं पाहिली होती आणि एका कानाने त्यांना कमी ऐकू येई. शिंपीणबाई पत्रकार नाहीत, त्यांच्या शब्दावर वाहिनी चालत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कात्रीताईलाही ते पटत होतं. ती चौदा सेकंद ठेवी, बाकीचं काढून टाकी, आणि जुन्या सवयीने काय काढलं ते पेन्सिलीने वहीत टिपून ठेवी.

वेढ्याच्या सदतिसाव्या दिवशी तिने चौकटीची डावी बाजू छाटली. तिकडे समोरच्या दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी येत होती. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ राहत आणि कठड्याला त्यांचे पक्ष्यांचे तीन पिंजरे टांगलेले असत. धुराकडे लक्ष जावं म्हणून तिने ते छाटलं, दुसरं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या चित्रणात ती गॅलरी नव्हती. गोळा पडून गेली असती तर खाली ढिगारा दिसला असता, सळया लोंबल्या असत्या. इथे नुसती भिंत होती. बऱ्याच वर्षांपूर्वी रंगवलेली, पावसाचे ओघळ उतरलेली, जिथे कधीच दार नव्हतं अशी सरळ भिंत. तिने आदल्या दिवसाची मूळ फीत उघडली. तिच्यातही भिंतच होती. वहीत मात्र तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: घड्याळवाले आजोबा, गॅलरी, तीन पिंजरे.

बातम्यांच्या कामासाठी शिंपीणबाईंचा नंबर तिच्याकडे होता. तिने निरोप पाठवला, घड्याळवाले आजोबा कसे आहेत? तासाभराने उत्तर आलं: "कोण आजोबा? आमच्या गल्लीत घड्याळवाला कधीच नव्हता, बाई."

ती ज्याच्यासोबत राहत होती तो तिचा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचं काम करत असे. त्याने तिचे डोळे तपासले, काचा बदलून दिल्या आणि म्हणाला, "ताई, रोज तेच ते बघतेस. चार दिवस रजा टाक ना."

तिने रजा टाकली नाही. उलट तिच्याकडून त्याच आठवड्यात दुसरी चूक झाली, आणि तोवर ती चूक आहे हे तिला नीटसं ठाऊक नव्हतं. त्या दिवशी शिंपीणबाईंचा घसा बसला होता म्हणून गेलेल्यांची नावं सुनेने वाचली, आणि चौथ्या नावाला तिचा आवाज फुटला. "रडारड नको," संपादक म्हणाले, "लोक वाहिनी बदलतात." कात्रीताईने सुनेला पुरतं काढलं, आवाज काढला, सावली काढली, पडद्यावर दिसणारं तिचं कोपरही काढलं.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई एकट्याच बसल्या होत्या. मागची सतरंजी घडी घालून ठेवलेली होती. त्यांनी नेहमीप्रमाणे गल्लीची हकीकत सांगितली आणि मग मशीनवरून एक छोटंसं झबलं उचललं. त्याची एक बाही लावलेली होती, दुसरी नुसती टाचलेली.

"हे मी कुणासाठी शिवायला घेतलं, आठवत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात तर कुणीच नाही. कुणाचं असेल तर घेऊन जा."

पडद्यावर बाई ते झबलं उलटंसुलटं करून पाहत होत्या, शिवण तपासत होत्या, आणि शिवण त्यांच्याच हातची आहे हे त्यांना कळत होतं. ती फीत कात्रीताईने तीनदा पाहिली. मग उठून तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन बसली. त्या क्षणी आपल्याला भीती वाटायला हवी होती असं तिला नंतर वाटलं. प्रत्यक्षात तिला राग आला होता, आणि तो अगदी स्वच्छ होता.

त्या दिवशीचं चित्रण सहा मिनिटं बारा सेकंदांचं होतं. शिंपीणबाईंनी आपली सगळी इमारत तळापासून वरपर्यंत सांगितली होती, कुठल्या दाराआड कोण आहे ते. कात्रीताईने त्यातलं एक अक्षरही काढलं नाही. चारच्या बातम्यांना पाच मिनिटं असताना ती खाली प्रसारण कक्षात गेली आणि तंत्रज्ञाच्या हाती फीत दिली.

"ही पूर्ण जाईल."

तंत्रज्ञाने तिच्याकडे पाहिलं, फीत चढवली. गच्चीवरच्या बातमीदाराचं बोलणं संपलं आणि शिंपीणबाई सुरू झाल्या. पंधरावा सेकंद उलटला तसा संपादकांनी दार लोटलं.

"कापा."

"नाही." ती तंत्रज्ञाच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली. बटणांवर तिने दोन्ही तळवे पालथे ठेवले होते.

"ताई, खातरजमा झालेली नाही याची."

"माझी झालीय. एकोणीस वर्षं तुम्ही म्हणाल ते कापलं. हे नाही कापणार."

"उद्या तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल. ते चौदा सेकंद करतील."

"करू देत. आज मात्र सगळे दिसतील."

मागे कुणीतरी आपल्या फोनवर हे चित्रित करत होतं, कुणीच त्याला थांबवलं नाही. पडद्यावर शिंपीणबाई सांगत सांगत चौथ्या मजल्यावर पोचल्या होत्या. संपादक आपला बरा कान पडद्याकडे करून शेवटपर्यंत उभे राहिले. फीत संपल्यावर त्यांनी हात पुढे केला, आणि तिने ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिंपीणबाईंचं चित्रण तिच्याच फोनवर आलं. तिने घरी बसून ते वहीशी ताडून पाहिलं. आजोबा आणि सून परतले नव्हते, पण काल दाखवलेल्यांपैकी एकही दार, एकही माणूस कमी झाला नव्हता. ती हसली, किती दिवसांनी, ते तिलाही सांगता आलं नसतं. शेजारी भाऊ जेवत होता. "बघ," ती म्हणाली, "सगळे आहेत." "आहेत ना," तो म्हणाला आणि त्याने तिच्या ताटात भात वाढला.

मग समोरच्या टीव्हीवर वाहिनीचा खुलासा आला. काल तांत्रिक बिघाडामुळे अप्रमाणित दृश्यं प्रसारित झाली, वाहिनी दिलगीर आहे. सोबत प्रसारण कक्षातलं ते फोनवरचं चित्रण दाखवलं: एका कडेला तंत्रज्ञ, एका कडेला संपादक, मध्ये मोकळी बटणं. जोड कुठे दिला आहे हे तिने शोधलं. काम सफाईदार होतं. नव्या माणसाचा हात चांगला होता.

"पाहिलंस?" तिने भावाला विचारलं.

तो हात धुवायला उठला होता. परत येऊन त्याने टीव्ही बंद केला, टेबलावरच्या दोन ताटांकडे क्षणभर गोंधळून पाहिलं आणि दोन्ही उचलून मोरीत ठेवली.

"अरे, मी जेवतेय अजून."

त्याने पिशवी खांद्याला लावली आणि खिशात किल्ली चाचपली. ती त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली. तो तिला वळसा घालून गेला, खुर्चीला घालावा तसा.

कात्रीताईने वही उचलली. मग तिने आपला फोन खिडकीच्या गजांना टेकवून उभा केला, स्वतःचा चेहरा चौकटीच्या मधोमध आणला आणि चित्रण सुरू केलं. तारीख सांगितली. घराचा पत्ता सांगितला. गेल्या कित्येक वर्षांत कुणी न उच्चारलेलं आपलं संपूर्ण नाव सांगितलं, आणि मग एकोणीस वर्षांत काय काय कापलं ते वहीच्या पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

पाठीमागे दार ओढलं गेलं. रिकाम्या घराला लावतात तसं बाहेरून कुलूप लागलं, आणि लागलं की नाही ते त्याने दोनदा ओढून पाहिलं.

तिने आवाज थोडा चढवला आणि पान उलटलं.