दक्षिणेची राणी

धाकटीने नकाशाची शेवटची घडी उलगडली आणि तिचा हात तसाच थबकला. जुन्या कॅलेंडरांची पानं एकाला एक चिकटवून केलेल्या त्या नकाशाने आता सगळं जेवणाचं टेबल व्यापलं होतं. वरच्या अर्ध्यात नवे घाट, नवी गावं, भांडकुदळ राजांची राज्यं दाटीवाटीने नांदत होती. खालचा अर्धा भाग काळ्या शाईने भरून टाकलेला होता.

ती नऊ वर्षांची होती, दादा तेराचा. गोवर उठल्यामुळे दोघं एका खोलीत अडकले, तेव्हा हा खेळ जन्माला आला. उत्तर त्याची, दक्षिण तिची. फासे टाकायचे, आपापली माणसं चालवायची, आणि एकदा घडलं ते घडलं, खोडायचं नाही. पुढे नोकरी लागून ती दूर गेली, आई अंथरुणाला खिळली, दादा घरात राहिला. खेळही राहिला. दर रविवारी दुपारी कुणी ना कुणी खेळायला येऊन बसे. आई गेल्यावर आठ महिन्यांनी आज ती आली, तर कोपऱ्यावरचे औषध दुकानवाले बसलेले.

"दक्षिणेचं काय झालं?" तिने विचारलं.

दादा पेन्सिलीला टोक काढत राहिला. दुकानवाल्यांच्या तोंडात मात्र तीळ भिजत नसे. त्यांनी ऐसपैस बसून सांगायला घेतलं. दक्षिणेला एक राणी होती. आठवड्यात येते म्हणून नावेत बसली, ती गेलीच. प्रजा वाट बघत राहिली. दोन्ही फाशांवर सहा पडले, तरच तिची नाव माघारी वळणार, असं ठरलं होतं.

"ते फासे तुमच्या आई टाकायच्या," ते म्हणाले. "मी औषधं घेऊन यायचो ना, तेव्हा बघायचो. टाकल्याशिवाय गोळीला हात लावायच्या नाहीत."

"पडले कधी?"

"तीनदा. खेळाच्या वहीत असेल."

तिने वही ओढली. दादाच्या अक्षरात तीन तारखा होत्या. पहिलीवरून तिला काही आठवेना. दुसरी, ती नव्या घरात राहायला गेली त्या दिवसाची. खोक्यांच्या ढिगात उभं राहून तिने फोन घेतला होता. "निघालीस का गं?" आईने विचारलं होतं, लहान मुलीसारखं. आईला आता भ्रम होतो, असं त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं होतं.

तिसऱ्या तारखेला तिचा वाढदिवस होता. पाहुणे जेवत होते. आईचा फोन वाजून वाजून बंद झालेला तिने पाहिला होता.

"म्हणून दादाने हे काळं केलं?"

"छे, त्यांनी कुठलं. आईंनीच शाई मागवली. दोन दुपारी लागल्या त्यांना, हात थरथरायचा ना..." बोलता बोलता दुकानवाल्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्यांचा आवाज उतरला. त्यांनी दादाकडे पाहिलं. मग उगाचच चष्मा पुसायला घेतला.

दादाने टोक काढलेली पेन्सिल टेबलावर ठेवली.

"खेळणार असशील तर बस," तो म्हणाला. "उत्तरेत एका धर्मशाळेला झाडूवाली हवी आहे."

तिने खुर्ची ओढली.

त्याने वहीचं कोरं पान काढलं. "नाव काय लिहू?"

तिने फासे मुठीत घेतले.

"तूच ठेव काहीतरी," ती म्हणाली.