सुतकातली सभा

घराला मुखियाचं नाव लागायचं, ही त्या नदीकाठच्या इबान लोकांची जुनी रीत. एका छपराखाली, एका ओसरीवर नांदणाऱ्या बावीस बिऱ्हाडांचं ते लांबघर 'बुंडानचं घर' म्हणून सगळीकडे ओळखलं जाई. आता धक्क्यावरच्या पाटीवर 'लायांगचं घर' असं लिहिलं होतं, आणि खुद्द लायांगलाच ती पाटी बघवत नसे. होडी बांधून तो मान खाली घालूनच वर चढे.

अकी बुंडान म्हणजे त्याच्या आईचे काका. सगळं घर त्यांना अकी, म्हणजे आजोबा, म्हणे. तरुणपणापासून घराचे तुआई, म्हणजे मुखिया, तेच. भांडणं मिटवावीत, लग्नं जुळवावीत, सरकारदरबारी घराची बाजू मांडावी, हे त्यांचं काम. गेल्या निवडणुकीत विरोधी पक्षाचा उमेदवार भिजत दारी आला, तेव्हा त्यांनी त्याला जेवू घातलं, निजायला चटई दिली. दारी आलेल्याला पक्ष विचारू नये, एवढंच त्यांना ठाऊक. जिल्हा कचेरीला मात्र ते झोंबलं. 'सरकारविरोधी वर्तन' असा ठपका ठेवून तुआईपद काढून घेतल्याचं पत्र आलं, आणि त्याच पत्रात लायांगची नेमणूक.

"घे रे पोरा," अकीच म्हणाले होते. "तू नाही म्हणालास तर उद्या कुणीतरी उपरा आणून बसवतील."

लायांगनं पद घेतलं. अकींनी मात्र सिबू शहरातल्या वरिष्ठ कोर्टात दाद मागितली. पद गेल्याचं दुःख होतंच, पण "मला एका शब्दानं विचारलं नाही" हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं.

मग एके दिवशी कचेरीचे साहेब एक प्रतिज्ञापत्र घेऊन आले. ओसरीवर बसून कॉफी घेतली आणि म्हणाले, "लायांग, एवढी सही कर. कोर्टात द्यायचंय."

लायांगनं वाचलं. जूनमधल्या अमुक रविवारी ओसरीवर घंटा वाजवून सभा बोलावली, बुंडान यांना त्यांची बाजू विचारली, लायांग त्या वेळी हजर होता, असं त्यात लिहिलं होतं. त्यानं ते पुन्हा वाचलं. तो रविवार त्याला विसरणं शक्य नव्हतं. आदल्याच शुक्रवारी त्यानं आईला मातीत ठेवलं होतं. घराला सुतक होतं. पितळी घंटा उतरवून कापडात गुंडाळलेली, रेडिओ बंद, पोरं हसली तरी बायका डोळे वटारायच्या.

"साहेब, त्या रविवारी मी ओसरीवर होतो खरा. आईच्या रिकाम्या चटईशेजारी."

"मग झालं तर! हजर होतासच की."

"घंटा कुणी वाजवली?"

"अरे, तसं लिहायची पद्धत असते."

"सुतकात घंटा वाजवली तर आमच्याकडे दंड बसतो, साहेब. तुम्हीही इबानच ना? आईचं सुतक मी मोडलं असं मीच लिहून देऊ?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "सही नाही केलीस तर तुझ्या नावाची पाटी उतरेल. पुढचं तुझं तू बघ."

आतून लायांगच्या बायकोचा, मिंदूचा आवाज आला, "उतरवताना खिळे तेवढे इथंच ठेवा, साहेब. आमचं दार कधीचं लोंबतंय."

साहेब गेले. मिंदू बाहेर येऊन लायांगशेजारी बसली.

"घाबरलास?" मिंदूनं विचारलं.

"घाबरलो."

"मग सकाळच्याच होडीनं सिबूला जाऊ. भीती शिळी झाली की जास्त बाधते."

सिबूत अकींच्या वकील टिओंगबाईंनी त्याचं सगळं म्हणणं लिहून घेतलं. मग चष्मा काढून विचारलं, "हे कोर्टानं मानलं तर तुमचंच पद जाईल. कळतंय ना?"

"त्यासाठीच आलोय, बाई."

निकालाच्या दिवशी अकी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ताठ बसले होते. सरकारी वकील म्हणाले, सुतक हा रूढीचा प्रश्न, कायद्याचा नव्हे. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "रूढी बाजूला राहू द्या. ज्याला तुम्ही सभेचा साक्षीदार म्हणता, तोच सभा झाली नाही म्हणतो. आणि सभा झाली म्हणण्यात त्याचाच फायदा होता." पदावरून दूर करण्याचा आदेश रद्द झाला. "बुंडान यांचं वागणं बरोबर की चूक, हे मी ठरवलेलं नाही," ते पुढं म्हणाले. "विचारल्याशिवाय माणसाला दूर करता येत नाही, एवढंच."

बाहेर आल्यावर लायांगला वाटलं होतं, काहीतरी गमावल्यासारखं होईल. झालं उलटंच. जड ओझं कुणीतरी अलगद खांद्यावरून उचलून घ्यावं तसं झालं, आणि डोळे भरून आले. 'देवा,' तो मनात म्हणाला, 'हरवून सोडवलंस रे मला!'

अकींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मला जिंकवलं ते तुझ्या आईनं. जाता जाता म्हाताऱ्या काकासाठी सुतक मागं ठेवून गेली. आणि तू ते राखलंस."

रविवारी ओसरीवर आभाराची प्रार्थना झाली. पाद्रीबाबांनी जुन्या चालीवर प्रवचन गायलं, म्हाताऱ्यांनी पालुपद धरलं, आणि गाणं असं रंगलं की वल्हवत जाणारे लोकही होड्या थांबवून ऐकू लागले. सगळं आटोपल्यावर अकी सगळ्यांच्या मधोमध येऊन बसले.

"कोर्ट म्हणालं, मला विचारायला हवं होतं. अजून कुणी विचारलेलं नाही. विचारा."

मिंदू पुढं सरकली. म्हणाली, "अकी, त्या पाहुण्याला जेवायला काय वाढलंत?"

"बांबूच्या नळीत शिजवलेलं कोंबडं."

"कुणाचं?"

अकी जरा चुळबुळले. "तुझंच गं. आमची संपली होती."

"म्हणजे सरकारविरोधी नव्हे, माझ्याविरोधी वर्तन!"

ओसरी हसून लोळली. मग अकी बोलायला लागले. पाऊस केवढा होता इथपासून त्यांनी सुरुवात केली, आणि पाहुणा उंबऱ्याशी पोचेपर्यंतच ऊन कलायला आलं. पोरं पेंगली, दोघंतिघं भिंतीला टेकून घोरूही लागले, पण उठून कुणी गेलं नाही. लायांग अगदी समोर बसला होता. अकी दम खायला थांबले की तो म्हणे, "मग, अकी? पुढं काय झालं?"